पाळण्याच्या पायाखालचं विनोदी पुस्तक

मी एक विनोदी पुस्तक बोलतोय. चित्रांचं आहे, पण लहान मुलांचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण या एका गैरसमजापायी माझ्या आयुष्याचं जे काही व्हायचं ते झालं आहे. नव्याने आईबाप झालेल्या, झोपेला मुकलेल्या, अंगाला दुधाचा आंबूस वास येणाऱ्या माणसांना घटकाभर हसवावं, एवढ्यासाठी माझा जन्म. बत्तीस पानं. एका पानावर फार तर तीन-चार ओळी, कारण त्याहून जास्त वाचायचं त्राण या माणसांत नसतं. मुखपृष्ठावर एक बाई आणि एक बुवा सोफ्यावर कलंडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दोघांच्या मध्ये टक्क जागं बाळ.

आता मला सांगा, यात लहान मुलांचं काय आहे?

माझी चित्रं काढणारी बाई स्वतः तेव्हा चार महिन्यांच्या मुलाची आई होती. खाली ठेवला की तो भोकाड पसरायचा. म्हणून तो तिच्या डाव्या खांद्यावर आणि ब्रश उजव्या हातात, असा आमचा संसार चालला. त्या वजनामुळे माझ्यातली सगळी माणसं किंचित एका बाजूला कललेली आहेत. जाणकार लोक त्याला शैली म्हणतात. म्हणू द्या.

संपादकांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "छान आहे हो, पण यात बोध काय?"

"बोध नाही," बाई म्हणाली. "हसायचं, आणि जमलं तर झोपायचं."

"मग वयोगट कोणता लिहू?"

"सत्तावीस ते चाळीस."

संपादक हसले, पण त्यांनी तो वयोगट काही छापला नाही. तिथेच पहिली माशी शिंकली. छापखान्यातून मी बांधणीला गेलो, तर बाइंडर माझी चित्रं बघून मदतनिसाला म्हणाला, "पोरांचं दिसतंय. ओढून ओढून फाडतील. डबल दोरा घाल." माझी शिवण अशी पक्की झाली की मला उघडताना कुरकुर आवाज येतो. त्यानंतर प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळून आम्हा पन्नास जणांचा गठ्ठा केला आणि गोदामात टाकला. मी वरून तिसरा होतो. माझ्यावर दोघं, खाली सत्तेचाळीस, सगळे विनोदी, आणि कुणी कुणाला एक विनोद सांगू शकत नव्हतं.

दुकानातही मला ठेवलं ते मुलांच्या कप्प्यात, अक्षरओळख आणि प्राण्यांचे आवाज यांच्या मध्ये. एकदा चार वर्षांच्या एका पोराने मला ओढून काढलं, पान उघडलं आणि ओरडला, "आई, ही बघ तू!" त्याच्या आईने वाकून पाहिलं आणि ती अशी हसत सुटली की तिला खालीच बसावं लागलं. मी कुणाला तरी हसवण्याची ती पहिली वेळ. मला वाटलं, सुटलो. पण डोळे पुसून ती म्हणाली, "हे चार वर्षांपूर्वी कुठे होतं?" आणि मला परत कप्प्यात खोचून निघून गेली.

शेवटी एक गृहस्थ घाईघाईने आले. त्यांच्या ऑफिसातल्या मित्राला मुलगी झाली होती. दुकानदाराने मला रंगीत कागदात गुंडाळलं, वर फीत बांधली, आणि मी त्या घरी पोचलो. तिथे मला उघडणार होती दोन थकलेली माणसं. सगळं आयुष्य मी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला होता. बाबांनी कागद फाडला, मला उलटसुलट केलं आणि म्हणाले, "चित्रांचं पुस्तक आहे. हिला वाचता यायला पाच वर्षं आहेत अजून. ठेवून देऊ."

पाच वर्षं!

पण मला नुसतं ठेवूनही दिलं नाही. बाबांचं काम होतं वजनकाटे तपासायचं. दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले काटे बरोबर वजन दाखवतात की नाही ते पाहायचं आणि दुरुस्त करायचं. असा माणूस घरात पाळणा आणतो तेव्हा तो नुसता ठेवत नाही. त्यांनी पिशवीतून एक पट्टी काढली. तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू समपातळीत आहे असं समजायचं. त्या खोलीची फरशी एका कोपऱ्यात दबली होती. पाळण्याच्या चौथ्या पायाखाली बाबांनी वर्तमानपत्र घालून पाहिलं, मग पुठ्ठा, मग बाळाच्या टोपीचा खोका. बुडबुडा काही जागेवर येईना. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी नेमका त्या जाडीचा निघालो.

"आला! मधोमध आला!" बाबा पोटावर झोपून आनंदाने म्हणाले. "आता याला कुणी हात लावायचा नाही हं."

आणि खरंच कुणी लावला नाही.

तिथून पुढे मला माणसं दिसत ती घोट्यापर्यंत. बाकीचं कानाने समजून घ्यायचं. बाबांचे पाय म्हणजे अंगठ्याला भोक पडलेले मोजे. आजीचे पाय रुंद, बोटांच्या सांध्यांना बाम चोळलेला. आजी म्हणजे बाबांची आई. ती गावी कपडे शिवायची आणि बाळंतपणासाठी मशीन झाकून इथे आली होती. आणि आईचे पाय. टाचा भेगाळलेल्या, एका पायात घरातली सपाता, दुसरी कुठे गेली ते शोधायला तिला तीन आठवडे सवड मिळाली नव्हती. ते पाय सतत चालत असायचे. खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून खिडकीपर्यंत नऊ.

माझ्या पोटात तिच्यासाठी सतरा विनोद होते. पोटावर पाळण्याचा पाय होता.

बाळ वेळेआधी आलेलं, जेमतेम दोन किलो. बाबा लाडाने तिला 'छटाकी' म्हणायचे. दर रविवारी सकाळी ते ऑफिसातून आणलेला काटा मांडायचे, आधी पितळी वजन ठेवून काटा तपासायचे, मग छटाकीला ठेवायचे. सगळे श्वास रोखून उभे. पहिल्या रविवारी एकशे नव्वद ग्रॅम वाढले. बाबांनी टाळी वाजवली, आजीने छटाकीचा मुका घेतला. दुसऱ्या रविवारी साठच.

"साठ," बाबा म्हणाले. 

"होतं गं असं," आजी म्हणाली.

कुणीच आईला बोल लावला नाही. पण तिचे पाय मला दिसत होते. बोटं आत वळून फरशीला घट्ट धरून राहिली होती, जणू वर्गात नापासांची यादी वाचून दाखवत होते. त्या दिवसापासून ती छटाकीला दर दीड तासाने दूध पाजायला बसू लागली. जेवण उभ्याने. झोप नाहीच, कारण छटाकी झोपली की ही तिचा श्वास चालतोय का ते बघत बसायची.

बाबा कामावरून आले की रोज दारातच विचारायचे, "कशी आहेस?"

"ठीक आहे."

"आणि छटाकी?"

मग ते आत येऊन बाळाकडे जायचे. दवाखान्यातली नर्सताई घरी तपासायला आली, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून. तिनेही बाळ तपासून झाल्यावर विचारलं, "आणि तुम्ही? झोप होते का? मन लागतं का?" आई हसली. हसण्याचा आवाज मला ओळखता येतो, तो माझा धंदा आहे. ते हसणं नव्हतं. "मी ठीक आहे," आई म्हणाली, आणि नर्सताईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

खरं मला माहीत होतं, कारण खरं ती माझ्या शेजारी बसून बोलायची. दुपारी आजी आडवी झाली की आई पाळण्याच्या बाजूला फरशीवर बसायची आणि हलक्या आवाजात छटाकीला सांगायची. "शनिवारी आजी जाणार. मग दिवसभर तू आणि मी. मला भीती वाटते गं. मला काहीच येत नाही." थोड्या वेळाने, "त्यांना राहा कसं म्हणू? मीच तोऱ्यात सांगितलं होतं, आई, एक महिना पुरे, पुढे आम्ही आमचं बघू. आता कोणत्या तोंडाने म्हणू?"

हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याच खोलीत आजी फोनवर आपल्या गिऱ्हाइकाशी बोलायची. "येते हो शनिवारी. तुमचा झगा आल्या आल्या हातात घेते. इथे काय, यांचं यांना बरं जमतंय. मला कुठे राहा म्हणतंय कुणी!" आणि फोन ठेवून एक मोठा सुस्कारा.

दोघींचं सगळं मी ऐकलेलं. एकीचं दुसरीला नुसतं कळवायचं होतं. जगात इतकी बोलकी माणसं आहेत, आणि ही गोष्ट ठाऊक कुणाला, तर जबडा आवळून पडलेल्या एका पुस्तकाला! मी त्या दिवसांत इतका तडफडलो की विचारू नका.

त्यातच तो मंगळवार आला. आजी बाजारात गेली होती. छटाकी तासभर रडत होती. पाजलं, दुपटं बदललं, खांद्यावर घेतलं, नऊ पावलं जाऊन झाली, नऊ येऊन झाली. मग आईने तिला पाळण्यात ठेवलं. पाय दाराकडे गेले. चप्पल घातली. कडी काढली. उंबऱ्याच्या बाहेर ते पाय मला दिसत होते, टाचा आमच्याकडे, बोटं जिन्याकडे. वर छटाकी कळवळून रडत होती आणि ते पाय हलत नव्हते. ना पुढे, ना मागे. मी एक क्षुल्लक पुस्तक, पण त्या वेळी मी ओरडलो असतो. खरंच ओरडलो असतो.

शेवटी पाय वळले. आत आली, दार लावलं, छटाकीला उचललं आणि चपला न काढताच फरशीवर बसून राहिली. आजी आली तेव्हा विचारलं, "रडली का फार?" आई म्हणाली, "नाही. शहाण्यासारखी होती."

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत सुरू झाली होती. आईची आंघोळ लांबायला लागली. अकरा वाजता आजी छटाकीजवळ बसली की आई आत जायची आणि नळ सोडायची. वीस मिनिटं, पंचवीस, कधी अर्धा तास.  आजी बाबांजवळ कुरकुरली, "अरे, टाकी रिकामी होते. एवढ्या पाण्यात मी चार जणांच्या आंघोळी उरकते." बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, तेवढीच तिला मोकळीक." दोघांनी तो विषय तिथेच सोडला.

गुरुवारी, म्हणजे निघायला दोन दिवस उरले असताना, आजीने जुन्या जीन पँटचे तुकडे एकावर एक ठेवून एक जाड चौकोनी घडी शिवली. हाताने, बारीक टाक्यांनी. अकरा वाजता आई आंघोळीला गेली, छटाकी झोपली होती, आणि आजी गुडघे टेकून पाळण्याजवळ बसली. "जाता जाता एवढं करून जाते," ती स्वतःशीच म्हणाली. "पुस्तकावर पाय ठेवलाय मेल्याने. माझाच मुलगा, पण काय बोलायचं!" तिने पाळण्याचा पाय अलगद उचलून मांडीवर तोलला, मला ओढून काढलं आणि घडी सरकवली. छटाकीने हूं की चूं केलं नाही.

मी सुटलो. पोटावरून डोंगर उतरला. आजीने पदराने माझ्यावरची धूळ पुसली, पायाचा गोल खळगा बोटाने चाचपला, मग मला उभं धरून शिवण पाहिली. "दोरा डबल आहे," ती म्हणाली. कपडे शिवणारीच ती. एवढ्यानेच तिला माझ्याबद्दल आदर वाटला असावा. तिने मला उघडलं. मी कुरकुरलो.

माझं नशीब असं की मी खळग्याच्या जागी उघडलो, बाविसाव्या पानावर. या एका चित्रावरून संपादक आणि चित्रकार बाईंची जुंपली होती. संपादक म्हणत होते, "हे काढून टाका, यात हसण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाली होती, "काढायचं तर सगळं पुस्तक काढा." चित्रात एक न्हाणीघर आहे. नळ धो धो चालू आहे. एक बाई पूर्ण कपड्यांत उलट्या बादलीवर बसली आहे, हात मांडीवर, आणि समोरच्या भिंतीकडे बघते आहे. दाराबाहेर बाळ, नवरा, सासू आणि नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर रांगेत उभे.

आजी हसली. मग हसता हसता थांबली. तिने मान वळवली.

आत नळ चालू होता. नुसता नळ. तांब्या बुडल्याचा आवाज नाही, अंगावर पाणी घेतल्याचा आवाज नाही, बादली सरकल्याचा नाही. पाणी एका सुरात पडत होतं. आजीने बराच वेळ कान दिला. मग मला घेऊन ती उठली. मला वाटलं, आता दार ठोठावणार. तिने ठोठावलं नाही. दाराबाहेर स्टूल ओढलं, बसली, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली.

"आई आंघोळीला गेली आहे."

आत पाणी पडत होतं.

"आई बादलीवर बसली आहे."

पाण्याचा जोर कमी झाला.

"आई काहीही करत नाही."

नळ बंद झाला.

"आईला हेच करायचं होतं," आजीने वाचलं.

आतून आवाज आला, "काय वाचताय?"

"पाळण्याखालचं पुस्तक. आपण मेलं महिनाभर पोरीचं समजून बसलो. आणखी ऐक." आजीने पान उलटलं. "आईचा चहा, सकाळी सात. आईचा चहा, सकाळी दहा. आईचा चहा, दुपारी एक. तोच चहा आहे."

आतून नाकातल्या नाकात एक फुस्स आवाज आला.

"बाबांनी आज शर्ट उलटा घातला आहे. बरं केलं. सुलट बाजूवर बाळाने आपलं मत दिलं आहे."

आता आत ती हसली. खरं हसली. मी सांगितलं ना, मला फरक कळतो. आजी वाचत गेली. पाहुण्यांचं पान वाचलं, त्यात पाहुणे विचारतात, 'बाळ झोपू देतं ना?' आणि खाली छापलंय, 'आईने काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.' आई हसता हसता खोकली, पुन्हा हसली, आणि हसण्याचं रडणं कुठल्या ओळीपाशी झालं ते मलाही समजलं नाही. मोठ्याने रडत होती. महिन्याभराचं.

आजीने मला मांडीवर मिटलं. दार उघड म्हणाली नाही.

"मी कुठे जायचे माहीत आहे तुला?" ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली. "गच्चीवर. तुझ्या नवऱ्याची वाळलेली दुपटी पुन्हा ओली करायची आणि पुन्हा वाळत घालायची. तेवढाच अर्धा तास. आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सूनबाई फार स्वच्छतेची आहे हो!"

आतून रडण्यातच एक हसू फुटलं. 

"आई..."

"काय गं?"

"शनिवारी जाऊ नका."

आजीने स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं.

"मग हे सांगायचं नाही का वेडाबाई?"

"मीच म्हटलं होतं ना, एक महिना पुरे."

"म्हटलं होतंस. आणि मी शब्द धरून बसले. मला वाटलं, माझी अडचण होतेय तुम्हाला."

"मला भीती वाटते," आई म्हणाली. "तिच्याजवळ एकटी राहायची. परवा ती रडत होती आणि मी दार उघडून बाहेर गेले. चप्पल घालून. मला जायचं होतं, आई. कुठे ते माहीत नाही, पण जायचं होतं."

 आजी काय म्हणते यावर सगळं होतं. ती रागावली असती, घाबरून ओरडली असती, तरी आईच्या मनाचं दार कायमचं बंद झालं असतं.

"परत आलीस ना?" आजी म्हणाली.

"आले."

"चपला घालून गेलीस आणि चपला घालून आलीस. हे एकटीने पेललंस इतके दिवस, हेच फार झालं. आता नाही पेलायचं. मी कुठे जात नाही."

तेवढ्यात छटाकी जागी झाली आणि तिने सूर लावला. आत घाईने उठल्याचा आवाज आला. आजी म्हणाली, "तू बस. मी बघते. बादलीवर बस हवा तितका वेळ, नळ तेवढा बंद ठेव." ती गेली, छटाकीला घेऊन आली आणि पुन्हा दाराबाहेर स्टुलावर बसली. आई वीस मिनिटांनी बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कोरडे. आंघोळ राहूनच गेली होती.

संध्याकाळी बाबा आले. छटाकीला बघायला वाकले आणि पहिल्यांदा त्यांना काय दिसलं, तर मी जागेवर नाही. "आई, पुस्तक काढलंस? बुडबुडा सरकला असेल!"

"बुडबुडा राहू दे," आजी म्हणाली. "बस इथे."

ते फरशीवर बसले. त्यांचा चेहरा मी नीट तेव्हाच पाहिला. मोज्यांवरून वाटला होता त्याहून लहान होता. आईने स्वतःच सगळं सांगितलं, जिन्यापर्यंतचं. बाबा ऐकत राहिले आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी रोज विचारत होतो गं तुला."

"विचारत होतास," आई म्हणाली. "मी ठीक आहे म्हटलं की तुला बरं वाटायचं, आणि मग मी तेच म्हणायचे."

 बाबांनी तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी काटा पिशवीत भरून ऑफिसात परत नेला, आठ दिवसांची रजा टाकली आणि नर्सताईंना फोन केला.

मी सगळ्यांना बरं केलं असं मी म्हणणार नाही. बत्तीस पानांत तेवढी ताकद नसते. नर्सताईंनी एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. आई त्यांच्याकडे बरेच महिने जात होती, गोळ्याही होत्या. काही दिवस बरे गेले, काही वाईट. आजी सव्वादोन महिने राहिली आणि गिऱ्हाइकांना फोनवर बिनधास्त खोटं सांगत राहिली की मशीन बिघडलंय. एक दिवस आईच्या दुसऱ्या पायात दुसरी सपाता दिसली. कुठे सापडली कोण जाणे.

मला मात्र त्या घराने फार जीव लावला, आणि तेच माझ्या अंगाशी आलं. आईने एक दिवस माझ्या पानापानावरचा खळगा कुरवाळला, मला स्वच्छ पिशवीत घातलं, छटाकीच्या दवाखान्यातल्या मनगटपट्टीबरोबर आणि पहिल्या टोपड्याबरोबर कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप. "मोठी झाली की दाखवू," म्हणाली. म्हणजे पुन्हा तेच! किती महिने गेले ते मला नेमकं सांगता येणार नाही. छटाकी आता धावते, कपाटाच्या दारावर थापा मारते, एवढं ऐकू येतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत विनोद कुबट होतात हो. पुस्तकावर प्रेम असेल तर त्याला जपू नका. वाचा, चहा सांडा, कोपरे दुमडा, दुसऱ्याला द्या.

भिंतीपलीकडच्या घरात गेल्या आठवड्यात नवीन बाळ आलं आहे. मला भिंतीतून पावलं ऐकू येतात. त्यांच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत. आज सकाळपासून ती थांबलेली नाहीत.

माझ्यासारखंच ते आणखी कुणीतरी ऐकत असावं, कारण दुपारी कुलपात किल्ली फिरली.

"नवीन आणून देऊ त्यांना," बाबा म्हणत होते. "हे आपलं आहे."

"नवीन दिलं तर गुंडाळून ठेवतील," आई म्हणाली. "आणि मी नुसतं द्यायला चालले नाही."

पिशवीतून मला काढलं, काखेत मारलं. तिने बेल वाजवली नाही. नखाने दारावर हलकेच टकटक केलं. दार चार बोटं उघडलं. आत कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी उभी होती, वेणी अर्धी सुटलेली, अंगात उलटा गाऊन. ती घाईघाईने म्हणाली, "ताई, घर अजिबात आवरलेलं नाही हो. उद्या याल का?"

"मी घर बघायला आलेच नाही," आई म्हणाली. "बाळाला माझ्याकडे दे आणि तू खाली बस. इथेच, फरशीवर. तुला काहीतरी वाचून दाखवायचंय."

दार उघडलं. ती मुलगी भिंतीला टेकून बसली आहे. बाळ आईच्या खांद्यावर आहे, आणि आई एका हाताने मला उघडते आहे. मी कुरकुरतो आहे.

तर मंडळी, माझी कहाणी इथेच थांबवतो. रजा द्या. मला काम लागलं आहे.